अक्कांना एक भित्रा माणूस हवा होता

गोविंदचा फोन आला तेव्हा मी लातूरबाहेरच्या एका गॅरेजमध्ये अपघातातल्या टेम्पोभोवती फिरत होतो. गाडी कुठून चेपली, काच कशी फुटली, हे बघून विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हा माझा धंदा. "गोविंदा, बोल की रे," मी म्हणालो. मग तो म्हणाला, "दादा... अक्का गेल्या." हा फोन येणार हे मला ठाऊक होतं. संक्रांतीपासून फोन वाजला की मी आधी नाव बघायचो, मगच उचलायचो. तरी त्या क्षणी हातातला मोबाइल मी कितीतरी वेळ टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून उभा राहिलो, आणि गॅरेजवाला विचारत राहिला, साहेब, चहा सांगू का, साहेब, बसता का जरा.

उदगीरला पोचलो तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. अक्कांच्या समाजात माती देतात ती बसवून. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोक्यावरून पदर... अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि समोर बायका रडत होत्या. मला जवळ जायची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मी अक्कांना इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. इरफानभाई नांदेडहून आले होते. त्यांनी माझा दंड धरला आणि ते, गोविंद, मी, असे आम्ही तिघं ओळीनं पुढं गेलो. शर्यतीतली चौघांची आमची टीम होती. आता तिघं उरलो होतो.

मी भित्रा माणूस आहे. ही काही नम्रता नव्हे, आमच्या घरात कुणालाही विचारा. मी किल्लारीचा, भूकंपाच्या गावचा. ज्या वयात पोरं भुताला भितात त्या वयात मी छताला भ्यायला शिकलो, आणि ते अजून गेलेलं नाही. कुठल्याही खोलीत गेलो की आधी दार कुठं आहे ते बघतो. लिफ्ट टाळतो. गॅसचं बटण बंद आहे ना हे बघायला जिना उतरून पुन्हा वर जातो. बायको म्हणते, तुमच्यासोबत सिनेमाला जायचं म्हणजे आगीच्या बंबासोबत गेल्यासारखं आहे. त्यात धंदा असा की रोज फुटलेल्या गाड्याच बघायच्या. तर असा माणूस मे महिन्यातल्या रणरणत्या उन्हात, किनवटच्या डोंगरात, शर्यतीत धावला. याचं उत्तर एकच, महानंदा अक्का.

अक्कांचं उदगीरला भांड्यांचं दुकान. दुकान नावाला त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे अण्णांचं, पण गिऱ्हाईक यायचं ते अक्कांकडं. त्यांचा माल नेणारा छोटा टेम्पो एकदा खड्ड्यात गेला आणि मी पाहणीला गेलो. टेम्पो जॅकवर उचललेला होता. मी आपला लांबूनच गोल फिरत फोटो काढत होतो. अक्का पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ओ साहेब, जवळ जावा की. चावतंय का ते?" मी म्हणालो, "जॅक तिरका लागलाय बाई. सुटला तर पाय जाईल." त्यांनी खाली वाकून बघितलं. जॅक खरंच तिरका होता. त्यांनी ड्रायव्हरला अशी काही हाक मारली की शेजारचा पानवाला बाहेर आला. जॅक नीट झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमी सायकल चालवता का?" मला वाटलं, बाईला ऊन लागलंय.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी अक्कांना चालायला सांगितलं होतं. चालायचा त्यांना कंटाळा, म्हणून भाच्याची जुनी सायकल घेतली. आणि एकदा चढल्या त्या उतरल्याच नाहीत. पन्नाशी ओलांडलेली बाई पंजाबी ड्रेस घालून पहाटे देगलूर रोडला निघायची. अण्णा म्हणायचे, "लोक काय म्हणतील?" अक्का म्हणायच्या, "लोक म्हणतेत अक्काकडं भांडी चांगली मिळतेत." त्याच रस्त्यावर त्यांना इरफानभाई भेटले. नांदेडला त्यांचं सायकलींचं दुकान आहे आणि नकाशा वाचण्यात माणूस तरबेज. मुखेडकडचा गोविंद भेटला, घरची शेती, पूर्वीचा कबड्डीपटू, दारातून आत येताना वाकावं लागणारा गडी. या तिघांना शर्यतीला जायचं होतं आणि चौथा मिळत नव्हता. मिळत नव्हता म्हणजे, तगडी पोरं पुष्कळ तयार होती, पण अक्कांनी एकेकाला नाही म्हटलं. मला म्हणाल्या, "हे दोघं वाघ हायेत. मी पन काही कमी न्हाई. चौथा बी वाघच घेतला तर मरतोत आमी. एक भिणारा माणूस पायजे. जॅक तिरका लागलाय म्हणून सांगणारा."

माझ्या भित्रेपणाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नोकरी दिली होती. मी नाही म्हणूच शकलो नाही.

शर्यत अशी. चौघांची टीम, त्यात निदान एक बाई हवी. सकाळी इस्लापूरपासून सायकली, मग सायकली टाकून डोंगरातली पायपीट, नकाशात दाखवलेली ठिकाणं शोधत शोधत शेवटी सहस्रकुंडच्या काळ्या कातळावर पोचायचं. चौघांनी एकत्र पोचायचं. एक जरी मागं राहिला तरी बाकीच्यांचं पोचणं कुणी धरत नाही. आणि वाटेत एकमेकांपासून हाकेच्या अंतरापलीकडं जायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही वेळेत पोचलोच नाही. मंडप काढायला माणसं आलेली असायची तेव्हा आम्ही पाय ओढत यायचो, आणि अक्का त्या मंडपवाल्यांकडूनच टाळ्या वाजवून घ्यायच्या. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र सगळं जुळून आलं. सायकलींचा टप्पा संपला तेव्हा पुढं मोजक्याच टीम होत्या. इरफानभाईंची एकही वाट चुकली नाही. गोविंद तर भलताच जोरात होता. पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी तोच आमच्या सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायचा, आम्ही बसायचो आणि हा उभा. अक्का म्हणाल्या, "औंदा जेवण मंडपात."

दुपार चढली. किनवटचा डोंगर उन्हाळ्यात बघितला नसेल त्यांना सांगून पटणार नाही. सागाची पानं झडलेली, झाडं उभी पण सावली नाही, पायाखाली पाचोळा तव्यावर टाकल्यासारखा कुरकुरतो. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. मी गोविंदच्या मागं चालत होतो. सकाळपासून त्याच्या पाठीवर घामाचा मोठा ओला डाग होता, त्याच्याकडं बघत मी चालायचो. एका चढावर मला दिसलं की तो डाग राहिलेलाच नाही. शर्ट वाळला होता, त्यावर मिठाची पांढरी रेघ होती. मी पुढं जाऊन त्याच्या कपाळाकडं बघितलं. कोरडं ठणठणीत. एवढ्या उन्हात घामाचा थेंब नाही. "गोविंदा, बरा हाईस ना?" "काय न्हाई दादा, बरं हाय." इरफानभाई म्हणाले, "चलो चलो, वरच्या टेकाडावर बसूया. टाइम चांगला चालू आहे." मी अक्कांना हाक मारली. काय सांगावं कळेना, म्हणून नुसतं म्हणालो, "अक्का, मला भीती वाटायलीय."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मला सदान्कदा भीती वाटते हे सगळ्यांना माहीत होतं. अक्का जागच्या जागी थांबल्या. गोविंदजवळ गेल्या, हाताच्या मागच्या बाजूनं त्याचा गाल बघितला आणि म्हणाल्या, "अय्यो... चूल झालीय ह्याची. बसा सगळे. शर्यत संपली."

"अक्का, आपण पुढं आहोत," इरफानभाई म्हणाले.

"संपली म्हटलं ना."

त्या शब्दावर गोविंद हसला. मग पाठीवरची बॅग काढून त्यानं खाली टाकली आणि आल्या वाटेनं उलटा चालायला लागला. "बैल सोडायचे राहिलेत," तो म्हणाला. "माय बोलवायली." इरफानभाई आडवे गेले तर त्यांना त्यानं एका हातानं बाजूला ढकललं, झुडूप सारावं तसं. त्याचे डोळे उघडे होते पण ते आम्हाला बघत नव्हते. आजवर मी शेकडो चेपलेल्या गाड्या बघितल्या, पण चालत्या-बोलत्या माणसाच्या आतलं माणूस निघून चाललेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. शेवटी अक्कांनी त्याच्या कमरेला मिठी मारली, इरफानभाईंनी पाय धरले, आणि तिघं मिळून धाडकन खाली बसले. एका पळसाखाली हातभर सावली होती, तिथं त्याला ओढला. आमच्या बाटल्यांतलं पाणी अक्कांनी त्याच्या डोक्यावर, काखेत, मांड्यांवर ओतायला सुरुवात केली. आमच्या पिण्याचं पाणी! मी ते जमिनीत जिरताना बघत होतो.

संयोजकांनी दिलेलं मदतीचं बटण दाबलं होतं, पण त्या दरीतून ते कुठं पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. कुणीतरी जायला हवं होतं. अक्का म्हणाल्या, "इरफान ह्याला धरू शकतोय. मी ओलं करत बसते. तुला ह्यातलं काहीच येत न्हाई, अवी. तू जा. मागल्या टेकाडावरून तांडा दिसला होता, तिथं माणसं असतील."

"अक्का, मी एकटा..." मी मागल्या टेकाडाकडं बघितलं. "मला लई भीती वाटतीय."

"भ्यायचं तेवढं भिऊन घे. कोण नको म्हणायलंय? पन पाय चालू ठेव."

मी निघालो. त्या चालण्याबद्दल मला शौर्यानं काही सांगता येणार नाही. मी रडत चाललो होतो. पहिला चढ संपेपर्यंत मागून अक्कांची हाक येत होती, "अवीऽऽ," आणि मी "होऽऽ" म्हणत होतो. मग हाक बारीक झाली. मग आलीच नाही. त्या क्षणाची भीती अजून अंगातून गेलेली नाही... आपल्या मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, आणि आपण पडलो तर तिकडं एक माणूस मरेल. जीभ टाळूला चिकटली होती. एका ठिकाणी दोन वाटा फुटल्या, मी डावी धरली, थोडं उतरल्यावर खाली नुसती घळ दिसली, पुन्हा धापा टाकत वर आलो. वरून तांडा दिसेना. मी मोठ्यांदा बोलायला लागलो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक देवाला आणि गोविंदच्या आईला शिव्या आणि विनवण्या एकाच दमात. मग कुठूनतरी बायकांचं बोलणं ऐकू आलं. तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसलेल्या तांड्यातल्या बाया होत्या. एकीनं मला बघितलं आणि काही न विचारता हातातलं काम टाकून हंड्याकडं धावली.

पुढचं भराभर झालं. तांड्यातल्या माणसांनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गोणपाटं टाकून ती भिजवली, जिथवर ट्रॅक्टर जाईना तिथून खाट घेऊन गेले. आम्ही पोचलो तेव्हा अक्का आणि इरफानभाई आपापल्या अंगावरच्या ओल्या कपड्यांनी गोविंदला वारा घालत होते. तो जिवंत होता. रस्त्यावर संयोजकांची गाडी भेटली, त्यात डॉक्टर होते, बर्फ होता. गोविंदला नांदेडला नेलं. अक्कांचा आवाज पार बसला होता, पुढं आठवडाभर त्या दुकानात खुणेनं बोलत होत्या. मला वाटलं, तहानेनं बसला. बऱ्याच दिवसांनी इरफानभाईंनी सांगितलं, "अवीभाई, तुम्ही गेल्यापासून परत येईपर्यंत अक्का तुम्हाला हाका मारत होत्या. मी म्हटलं, अक्का, त्याला आता ऐकू जात नाही. तर म्हणाल्या, 'त्याला न्हाई जात. पन मला कळायला पायजे ना, तो हाकेत हाय म्हणून.'"

गोविंद बरा झाल्यावर आम्ही मुखेडला त्याच्या घरी गेलो. डॉक्टरांना एक कोडं उलगडलं नव्हतं. त्यानं वाटेत टाकलेल्या बॅगेत त्याची स्वतःची बाटली नंतर जवळजवळ भरलेली सापडली होती. एवढं पाणी जवळ असताना हा प्यायला का नाही? गोविंद खाली मान घालून म्हणाला, "उन्हातून आल्या आल्या पानी पिऊ न्हाई, म्हणतेत ना. आधी अंग थंड होऊ द्यावं. मी थंड व्हायची वाट बघायचो... अन् तवर तुमी उठायचात." त्याला वेडा म्हणायला आम्हाला जागाच नव्हती. कारण आम्हा चौघांच्याही घरात हेच सांगितलेलं होतं. आधी बस, घाम मरू दे, गुळाचा खडा खा, मग पाणी. घरच्या ओट्यावर ते ठीक होतं. त्या डोंगरात बसायला वेळच नव्हता, म्हणून हा पोरगा सकाळपासून आम्हाला पाणी पाजत स्वतः तहानलेला चालला होता. अक्का आधी हसल्या. मग पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावून खूप वेळ रडल्या. म्हणाल्या, "तुझ्या मायला मी काय तोंड दाखवलं असतं रे?"

यंदा संक्रांतीच्या सुमारास अक्कांना कावीळ झाली, आणि ती साधी कावीळ निघाली नाही. पोटात खोलवर काहीतरी होतं, उपचाराच्या पलीकडं गेलेलं. लातूरच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं तेव्हा मी रोज दुपारी जायचो. एकदा त्यांनी अण्णांना चहाला पिटाळलं आणि मला खुर्ची जवळ घ्यायला सांगितलं. केवढ्याशा झाल्या होत्या. म्हणाल्या, "अवी, तुला भ्या वाटतंय तवा नेमकं कुठं वाटतंय?"

"पोटात, अक्का. बेंबीच्या वर."

"मला पाठीत वाटायलंय. कुणी मागं उभं ऱ्हायल्यासारखं." मग जरा थांबून, "घरातले सगळे म्हणतेत, अक्का लई धीराची. आता त्यांच्यापुढं कसं भ्यायचं सांग बरं? तुझ्यापुढं लाज न्हाई वाटत."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "मला पण भीती वाटतीय अक्का. तुम्ही जाल म्हणून." "हाव," त्या म्हणाल्या, "वाटनारच." आम्ही दोघं तसेच बसलो, भीत. वर पंख्याचा आवाज चालू होता. अण्णांची चप्पल व्हरांड्यात वाजली तेव्हा त्यांनी घाईघाईनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "मी गेल्यावर हा माणूस दुकान उघडायचा न्हाई बघ. वर बसून ऱ्हाईल. लग्नसराई हाय, लोकांची भांडी आत अडकून पडतील. ह्याच्या मागं लाग." मी हो म्हणालो. त्यानंतर त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, म्हणजे बोलण्याच्या अवस्थेत राहिल्याच नाहीत.

आणि अण्णांनी दुकान उघडलं नाही. मी फोन करायचो, ते "उद्या बघू" म्हणायचे. गेल्या आठवड्यात आम्ही तिघं उदगीरला गेलो. अण्णा वरच्या खोलीत खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली, समोर चहा निवून साय धरलेला. गोविंदनं समजावलं, इरफानभाईंनी समजावलं. शेवटी अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "शटर वर करायला हात लावतो अन् छाती धडधडायलीय. आत ती नसणार." मी म्हणालो, "अण्णा, मलाही खाली जायची भीती वाटतीय. दोघं मिळून जाऊ." ते उठले.

शटर वर गेलं. बंद दुकानाचा कोंदट वास आला, आणि ओळीनं मांडलेली पितळ-स्टीलची भांडी उन्हात एकदम चमकली. गल्ल्याशेजारी अक्कांची बुटकी खुर्ची, तिच्यापुढं एका लग्नाच्या ऑर्डरची भांडी रचून ठेवलेली, आणि बाजूला नाव घालायचं मशीन, वायर गुंडाळलेली. भांड्यांवर नावं अक्काच घालायच्या. त्यांचं मराठी अक्षर गोल गोल, कानडी वळणाचं. घागरीवर, ताटांवर मुलीचं नाव घातलेलं होतं. पुढचे डबे कोरे होते.

शटरचा आवाज ऐकून की काय, समोरच्या झाडाखाली बसलेली एक बाई उठून आली. देगलूरकडच्या खेड्यातली. आठवड्यात दोनदा येऊन परत गेली होती म्हणे, लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, ही ऑर्डर तिचीच. "अक्का कुठं हायेत?" तिनं विचारलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ते बोलायचं त्यांचं होतं. शेवटी अण्णाच म्हणाले, "ती वारली, बाई." बाई मटकन पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला. मग तिनं हात लांबवून एक कोरा डबा पुढं ओढला आणि अण्णांसमोर ठेवला.

अण्णांनी मशीनची वायर लावली. हा त्यांचा प्रांत नव्हे, सगळ्या गावाला माहीत आहे. मशीन घर्रकन वाजलं, आणि डब्यावर पहिलं अक्षर वाकडं उमटलं, शेपटी थेट कडेपर्यंत गेली. अण्णांनी मशीन बंद केलं. "बिघडलं बाई... दुसरा देतो."

बाईनं डब्यावर हात ठेवला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लिवा पुढचं."